ताईकडची वाट

इस्पितळात त्याला सगळे वाटाड्या म्हणत. त्याच्या हुद्द्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते इतकं ऐसपैस होतं की पाटी रंगवणाऱ्याला शेवटचे शब्द खाली चिरडून बसवावे लागले होते. ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. त्याची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. छत तिरकं, त्यामुळे खोलीच्या निम्म्या भागात माणसाला ताठ उभं राहता यायचं आणि उरलेल्या निम्म्यात नम्र व्हावं लागायचं. एसी होता, पण तो यंत्रांसाठी. माणसासाठी वेगळी सोय म्हणजे खुंटीवरचा स्वेटर. भर उन्हाळ्यात स्वेटर घातलेला माणूस जिन्याखालून बाहेर आला की नवे पेशंट दचकत. जुने त्याला आपल्यातलाच समजून आजाराची चौकशी करत.

त्याचं काम सांगायला सोपं होतं, म्हणूनच बहुधा कुणी ते समजून घेतलं नाही. मोठ्या इस्पितळाची शहरभर पिलावळ होती: चार-दोन दवाखाने, रक्तपेढी, लसीकरणाचं केंद्र. प्रत्येक ठिकाणी कपाटात किंवा भिंतीवर एक राउटर. एखाद्या कॉम्प्युटरनं दुसऱ्याला काही पाठवलं, की ते पाकिटांत भरून राउटरकडे येतं. राउटर पाकिटावरचा पत्ता वाचतो, या पत्त्याला कुठल्या दारानं जायचं ते आपल्याजवळच्या यादीत बघतो आणि पाकीट त्या दारातून बाहेर ढकलतो. पुढे त्याचं काय झालं याची चौकशी करणं त्याच्या स्वभावात नाही. वाटाड्या म्हणायचा की राउटर हा सरकारी खात्यातला आदर्श कर्मचारी आहे: पुढच्या टेबलाकडे सरकवलं की आपलं काम संपलं.

प्रश्न असतो तो ही यादी भरायची कुणी. एक पद्धत अशी, की माणसानं स्वतः बसून एकेक ओळ हातानं लिहायची: अमक्या गठ्ठ्यातले पत्ते, तमक्या दारानं. ती ओळ माणूस पुसेपर्यंत राहते. दुसरी पद्धत अशी, की राउटरांनाच एकमेकांशी बोलू द्यायचं. प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतो, माझ्याकडे हे पत्ते आहेत, तुझ्याकडे कुठले? एखादी तार तुटली तर ती बातमीही अशीच फिरते, आणि सगळे आपापल्या यादीत दुसरी वाट घालून घेतात. माणसाला उठावंही लागत नाही.

वाटाड्या पहिल्या पद्धतीचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून संसार करायचा नसतो, असं त्याचं मत होतं. त्यानं सगळ्या ठिकाणच्या सगळ्या ओळी स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्या त्याला लोकांना स्वतःच्या घरातले जिने पाठ असतात तशा पाठ होत्या. तार तुटली की तो मोटारसायकल काढायचा. ती सुरू व्हायला बहुधा तार जोडण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

नदीपलीकडच्या दवाखान्यात त्याची थोरली बहीण लॅब सांभाळायची. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईनंच त्याला वाढवलं. म्हणजे स्वतः जेमतेम मोठी असताना मोठं असल्याचं सोंग केलं आणि मग ते सोंग उतरवायचं राहूनच गेलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, एक पोर आहे की पदरात, चाळिशी आलीय त्याला.

नोकरीला लागल्यावर वाटाड्यानं नदीपलीकडची लाइन स्वतः जोडली. दवाखान्याच्या छतावर तबकडी बसवली, इस्पितळाच्या टाकीवर दुसरी, दोन्ही समोरासमोर. ताईच्या राउटरमध्ये इस्पितळाकडे जायची ओळ लिहिली आणि मोठ्या ऐटीत परत आला. ताईनं दिवसभर रिपोर्ट पाठवले. ते इस्पितळात पोचले, पण तिला पोच म्हणून काही मिळेना. तिचा पडदा नुसता वाट बघत बसलेला. वाटाड्यानं अर्धा राउटर उचकटला, तेव्हा लक्षात आलं: जायची वाट त्यानं लिहिली होती, परत यायची लिहायची राहिली होती. इस्पितळाच्या राउटरला ताईचा पत्ताच ठाऊक नव्हता. या धंद्यात प्रत्येकाकडून एकदा हे होतं, आणि प्रत्येक जण ते दुसऱ्याकडून झालं म्हणून सांगतो.

"नुसतं जाता येतं, परत येता येत नाही," ताई फोनवर म्हणाली. "वाट म्हणतात होय रे याला? याला काय म्हणतात ते मी दवाखान्यात रोज बघते."

त्यानं निमूटपणे इस्पितळाच्या राउटरमध्ये ती ओळ लिहिली. ताईकडे जाणारी ओळ. तेव्हापासून ताईचा रोज सकाळी फोन येऊ लागला. पहिला नमुना यंत्रात घालायच्या आधी विचारायची, "लाइन आहे का रे?" मग तो तिच्या मशीनला इथूनच हाक घालायचा. त्यासाठी एक साधी आज्ञा असते. एक लहानसं पाकीट जातं, तिकडचं मशीन ते तसंच परत पाठवतं, आणि जाऊन यायला किती वेळ लागला ते पडद्यावर उमटतं. उमटलं की तो म्हणायचा, "आहे." त्यानंतर ताई त्याची झोप, त्याच्या बायकोचा खोकला आणि घरमालकाची आडमुठी मोरी यांविषयी सविस्तर बोलायची. लाइनचं निमित्त होतं हे दोघांनाही माहीत होतं. निमित्त मोडायचं नसतं एवढं शहाणपण दोघांनाही होतं.

एका सकाळी तिचा फोन आला नाही. वाटाड्यानं आपणहून तिच्या मशीनला हाक घातली. उत्तर आलं, नेहमीपेक्षा जरा लवकरच आलं. कामात असेल, असं म्हणून त्यानं चहा घेतला. पुन्हा एकदा हाक घातली, पुन्हा उत्तर. तो निश्चिंत झाला. त्या वेळी ताई त्याच मशीनच्या शेजारी टेबलावर डोकं टेकून बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली होती, म्हणून तिथल्या लोकांनी तिला निवांत पडू दिलं. बोलवायला गेले तोवर ती गार पडली होती.

पुढे पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मेंदूत रक्तस्राव होता, कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं. वाटाड्यानं दोन्ही वेळा मान हलवली. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. त्यानं विचारलं होतं, आणि आहे म्हणून उत्तर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा हाक घातली. उत्तर आलं.

मग नदीपलीकडचा दवाखाना बंद झाला. जागा पुढे विकायची म्हणून राखणीला एक वॉचमन ठेवला गेला. इमारतीची वीज तोडायला कुणाचीतरी सही लागत होती आणि ती सही करणारं पदच रद्द झालं होतं. छतावरची तबकडी तशीच टाकीकडे तोंड करून उभी राहिली. ताईचं मशीन बंद करा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते चालूच असणार हे उघड होतं. वाटाड्या रोज सकाळी येऊन स्वेटर घालायचा, मग हाक घालायचा. उत्तर यायचं. कधी झटकन, कधी अडखळत. अडखळलं की दिवसभर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. एकदा घरी जेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं की आज ताईची तब्येत बरी दिसत नाही. बायकोनं ताटातलं ढवळणं थांबवलं.

"वन्सं गेल्या हे तुम्हाला सोडून सगळ्या गावाला कळलंय," ती शांतपणे म्हणाली, आणि उठून त्याला पाणी आणून दिलं. त्यानंतर तो घरी जपून बोलू लागला. पण आंघोळीला, दाढीला, चप्पल शोधायला सकाळी त्याला जी घाई असायची, ती बायको बघायची. एवढ्या घाईनं लोक नोकरीला जात नाहीत.

पुढे इस्पितळानं एक नवी इंजिनीयर आणली. हुशार, लहानखुरी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघणारी. सगळी केंद्रं दुसऱ्या पद्धतीवर न्यायची, राउटरांना एकमेकांशी बोलतं करायचं, हे तिचं काम. वाटाड्याला ती पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागली. तो दुखावला, पण पुतणीवर फार वेळ रागावता येत नाही ही त्यातली अडचण होती. दोघं मिळून एकेक केंद्र बदलत गेले. नवी वाट बोलू लागली की जुनी ओळ पुसायची, असा क्रम. पुसायचं काम वाटाड्या स्वतः करायचा. सगळ्या पुसल्या. एक राहू दिली.

बंद दवाखान्याकडे जायचं कुणाला कारण नव्हतं. त्या ओळीवरून वाटाड्याच्या हाकेखेरीज काही जात नव्हतं. कुणाचं बिघडत नव्हतं, हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. खरं होतं तोवर होतं.

कारण मग डायलिसिसचं नवं केंद्र निघालं आणि त्याला पत्त्यांचा गठ्ठा हवा होता. इंजिनीयरनं विचारलं, काका, कुठला गठ्ठा रिकामा आहे? रिकामा एकच होता, नदीपलीकडचा. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. वाटाड्या म्हणाला, तो घे, दवाखाना बंदच आहे. केंद्र सुरू व्हायला अवकाश होता, त्याआधी ओळ पुसून टाकू असं त्यानं ठरवलं. उद्या पुसू, असं ठरवणं हेही त्याच्या सकाळच्या कामांपैकी एक झालं.

आता इथे राउटरांची एक खोड सांगणं भाग आहे. हातानं लिहिलेली ओळ आणि शेजाऱ्यांकडून आलेली बातमी, दोन्ही त्याच पत्त्यांविषयी असतील, तर राउटर हातच्या ओळीवर विश्वास ठेवतो. शेजारी कितीही ओरडून सांगोत. लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलं असणार, अशी त्याची समजूत असते. नव्या केंद्राचा राउटर सांगत होता की हे पत्ते आता माझ्याकडे आहेत. इस्पितळाचा राउटर ऐकून घेत होता, आणि त्या पत्त्यांवरची सगळी पाकिटं नदीपलीकडच्या कुलूपबंद इमारतीत पाठवत होता.

केंद्राच्या पहिल्या दिवशी सकाळी एक म्हातारे शिंपी खुर्चीत बाही वर करून बसले होते. त्यांचा रक्ताचा नमुना इस्पितळाच्या लॅबमध्ये येऊन तपासूनही झाला होता. त्यातला पोटॅशियमचा आकडा पडद्यावर बघितल्याशिवाय तिथले डॉक्टर मशीन सुरू करणार नव्हते. फोनवर तोंडी सांगितलेला आकडा चालणार नाही, हा नियम त्यांनीच केला होता, आणि तसा तो योग्यच होता. रिपोर्ट निघाला. पोचला नाही. पुन्हा निघाला, पुन्हा नाही.

जिन्याखालच्या खोलीत इंजिनीयर आणि वाटाड्या शेजारी शेजारी बसले होते. डॉक्टरांचा फोन टेबलावर उघडा होता, त्यातून मागे शिंपीबुवांचं खोकणं ऐकू येत होतं. इंजिनीयर भराभर एकेक गोष्ट तपासत होती. तिचा संशय साहजिकच नव्या गोष्टींवर होता, म्हणजे स्वतःच्या कामावर.

"त्यांचं आपल्याकडे येतंय," ती अर्धवट स्वतःशीच म्हणाली. "आपलं त्यांच्याकडे जात नाहीये."

वाटाड्याला तिच्या पहिल्या शब्दालाच कळलं होतं. हा आजार त्याच्या घरचा होता. त्याच्या हातात कप होता आणि त्या कपाकडे तो असा बघत होता, जणू दोष तिथेच सापडणार आहे. आज सकाळची हाक त्यानं घातली होती. उत्तर आलं होतं, चांगलं खणखणीत. फोनमध्ये शिंपीबुवा कुणालातरी विचारत होते की आणखी किती वेळ, आणि नर्स म्हणत होती, होईलच हं आता. इंजिनीयरनं केंद्राचा राउटर दुसऱ्यांदा तपासायला घेतला. तिचे कान लाल झाले होते.

"तिकडे नको शोधूस," वाटाड्या म्हणाला. "इथली यादी बघ. माझ्या हातची एक ओळ राहिलीय."

तिनं यादी उघडली. बघितली.

"ही तर बंद दवाखान्याकडची. तिथे काय आहे, काका?"

"बहीण," तो म्हणाला.

इस्पितळात ताईची हकिगत सगळ्यांना ठाऊक होती, तशी ती तिच्याही कानावर आली असावी. ती काही क्षण पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिली, जे तिनं आजवर केलं नव्हतं. मग फोनकडे बघितलं. पुसते, असं ती म्हणाली नाही. तिनं दुसरंच केलं. केंद्रातल्या त्या एका रिपोर्टच्या मशीनचा नेमका पत्ता घेतला आणि तेवढ्यासाठी एक वेगळी ओळ हातानं लिहिली. अख्ख्या गठ्ठ्याच्या ओळीपेक्षा एका नेमक्या पत्त्याची ओळ वरचढ असते. फोनमधून डॉक्टर म्हणाले, आला. शिंपीबुवांच्या मशीनची घरघर सुरू झालेली दोघांनी ऐकली.

"हे ठिगळ झालं," इंजिनीयर म्हणाली. "दुपारी तिथली बाकीची मशीनं चालू होतील, खाटा भरतील. प्रत्येकासाठी मी असं करत बसणार नाही. मोठी ओळ जायला हवी, काका. तुम्ही काढा, नाहीतर मी काढते. पण आज."

वाटाड्या म्हणाला, आजच. फक्त त्याआधी एकदा तिकडे जाऊन यायचंय. इतकी वर्षं चालू राहिलेलं मशीन कुणीतरी नीट बंद करावं, नुसती वाट तोडून त्याला तसंच बसवून ठेवू नये, असं त्याला वाटत होतं. इंजिनीयरला हे तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे हे कळत होतं. ती म्हणाली, या जाऊन.

दुपारच्या रणरणत्या उन्हात तो नदीपलीकडे पोचला, तेव्हा स्वेटर अंगातच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. वॉचमन पूर्वीच्या नोंदणीच्या खोलीत खुर्ची टाकून बसला होता. समोर एक पडदा, त्यावर इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांची लहान लहान चित्रं. कॅमेरे हल्लीच बसवलेत का, असं वाटाड्यानं विचारलं. वॉचमन म्हणाला, छे, झाले की बरेच दिवस, खिडक्या चोरीला जायला लागल्या तेव्हा बसवले.

"लॅबमधलं मशीन बंद करायला आलोय," वाटाड्या म्हणाला.

"कुठलं मशीन?"

"लॅबमधलं. चालू आहे ते."

वॉचमननं त्याच्या स्वेटरकडे एकदा बघून घेतलं. "साहेब, लॅबमध्ये काही नाही. टेबलंसुद्धा नेली. टेंपो आला होता भंगाराचा."

वाटाड्या म्हणाला की असं होणार नाही, आज सकाळीच त्यानं उत्तर दिलंय. वॉचमननं यावर वाद घातला नाही. रिकाम्या इमारतीत एकटं बसणाऱ्या माणसाला अशा गोष्टींवर वाद घालायची सवय नसते. त्यानं किल्ली दिली.

लॅबच्या खोलीत खरंच काही नव्हतं. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार फिके चौकोन होते. सिंक होतं. छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा होता. भिंतीवर सॉकेटच्या शेजारी चिकटपट्टीखाली कागदाचा एक तुकडा होता, त्यावर ताईच्या गोल अक्षरात तिच्या मशीनचा पत्ता. जपून ठेव, असं त्यानंच एकदा तिला सांगितलं होतं, आणि ती सांगितलेलं ऐकत असे.

तो परत वॉचमनच्या खोलीत आला आणि पडद्याखालचं कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं खोकं त्यानं तपासलं. त्यात पत्ता तोच होता. कॅमेरेवाल्याला एक पत्ता हवा होता आणि तो भिंतीवर लिहिलेला सापडला, इतकं ते साधं होतं. वाटाड्यानं विचारलं, हे खोकं आधी आलं की टेंपो आधी आला? वॉचमनला आठवेना. जवळपासच कधीतरी, म्हणाला. मधे थोडे दिवस गेले असतील, नसतीलही. वाटाड्याची अधूनमधून रजा असायची, सुट्ट्या असायच्या. नेमक्या कुठल्या सकाळपासून आपण या खोक्याची तब्येत विचारत होतो, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. ताई कधीतरी बोलायची थांबली होती आणि या खेपेलाही त्याला ते कळलं नव्हतं.

"बंद करू का हे?" वॉचमननं आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"नको," वाटाड्या म्हणाला. "तुम्हाला लागतं."

किल्ली घेऊन तो पुन्हा लॅबमध्ये गेला. वॉचमन पडद्यासमोर बसला. तशी त्याला दुसरं बघायला काही नव्हतंच. खोलीच्या मधोमध, चार चौकोनांच्या अलीकडे, स्वेटर घातलेला माणूस येऊन उभा राहिला. खिशातून फोन काढून त्यानं कुणालातरी लावला.

जिन्याखालच्या खोलीत इंजिनीयरनं तो उचलला.

"काढ," वाटाड्या म्हणाला.

"मी? तुम्ही येईपर्यंत थांबते, काका. तुमच्या हातानं..."

"नको. तू काढ."

ओळ पुसायला एक ओळ लिहावी लागते. तिनं ती लिहिली. तिच्या पडद्यावर यादी क्षणभर तशीच राहिली. मग शेजाऱ्यांनी केव्हापासून सांगून ठेवलेली वाट त्या जागी आली आणि बसली. डायलिसिस केंद्रातली सगळी मशीनं एकेक करून उत्तरं देऊ लागली.

"गेली," ती म्हणाली. "सगळं नीट आहे, काका. या आता."

तो बरं म्हणाला आणि फोन बंद झाला, असं तिनं नंतर सांगितलं. त्यापुढचं फक्त वॉचमनला माहीत आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या माणसानं फोन खिशात ठेवला, त्यानंतरही तो बराच वेळ तिथे उभा होता. भिंतीतल्या सॉकेटकडे तोंड करून तो काहीतरी बोलत होता, मधे थांबत होता, ऐकल्यासारखं करत होता, एकदा तर हसलाही. काय बोलत होता ते वॉचमनला सांगता आलं नाही. त्या कॅमेऱ्यांना आवाज नव्हता.